येणारे आणि जाणारे

थोरले सर आणि धाकटे सर यांच्यात चौदा वर्षं विस्तव जात नव्हता, आणि भांडणाचं कारण तीस कोटी प्रकाशवर्षं लांब होतं. माणसं कुंपणावरून भांडतात, वाटणीवरून भांडतात, नळाच्या पाण्यावरून एकमेकांचा उद्धार करतात. पण ती कुंपणं आणि ते नळ निदान जाऊन बघता तरी येतात. हे भांडण बघायला प्रकाशाच्या वेगाने निघालं असतं तरी तीस कोटी वर्षं लागली असती. आणि तिथे पोचल्यावरही दोघांपैकी एकाने "माझं चुकलं" म्हटलं नसतं, याची विभागात सगळ्यांना खात्री होती.

थोरले धाकट्यांपेक्षा चार महिन्यांनी थोरले. दोघं एकाच वर्षी नोकरीला लागले, एकाच खोलीत बसले, एकाच डब्यात जेवले, आणि बावीस वर्षांपूर्वी दोघांनी मिळून दीर्घिकांच्या जोड्यांची एक भली मोठी यादी केली, जिच्यामुळे दोघांचंही नाव झालं. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचं बिऱ्हाड. अशी दोन बिऱ्हाडं जवळ आली की एकमेकांना ओढायला लागतात, त्यांचे हात ताणले जातात, मागे लांब शेपट्या निघतात. मग ती चक्क एकमेकांच्या आरपार जातात. त्यात तारे ताऱ्यांवर आदळत नाहीत, मधे एवढी मोकळी जागा असते. आदळतो तो वायू, आणि त्या हाणामारीत नवे तारे धडाधड जन्माला येतात. आरपार गेलेली पुन्हा मागे वळतात, पुन्हा घुसतात, आणि असं शंभरेक कोटी वर्षं चाललं की दोन्हींची मिळून एक गोलमटोल म्हातारी दीर्घिका होते. तिच्यात पुढे नवं असं फारसं काही जन्मत नाही. दोघा सरांनी आयुष्यभर हाच विषय शिकवला, आणि त्यातून स्वतःपुरतं काहीही घेतलं नाही.

यादीत जोडी क्रमांक सत्तावीस होती. एक मोठी दीर्घिका, तिचा एक हात कोपरात मोडल्यासारखा वाकडा, आणि त्या हाताच्या टोकाशी एक छोटी दीर्घिका. थोरले म्हणाले, या दोघी आत्ता कुठे एकमेकींकडे येताहेत. धाकटे म्हणाले, छे, त्या एकदा भेटून आता लांब जाताहेत. आधी तो मतभेद होता, मग वाद झाला, आणि एका परिषदेत थोरल्यांनी भर सभेत धाकट्यांना "आमचे तरुण मित्र" म्हटलं, तेव्हापासून बोलणं बंद. चार महिन्यांच्या अंतरावर इतका मोठा अपमान उभारल्याचं दुसरं उदाहरण नसेल.

विभागाचे दोन तट पडले, येणारे आणि जाणारे. विद्यार्थी वाटून घेतले गेले, चहाच्या किटल्या दोन झाल्या, ग्रंथालयातल्या कपाटाच्या किल्ल्याही दोन झाल्या. जगभरातल्या लोकांनी दोन्ही बाजूंनी लेख लिहिले. पण त्या दोन दीर्घिकांची अंतरं पुन्हा मोजून बघावीत असं बावीस वर्षांत कुणाच्याही मनात आलं नाही. कारण उघड होतं. ज्या दोन माणसांचं कशावरच एकमत होत नाही, त्यांचं त्या आकड्यांवर एकमत होतं. म्हणजे आकडे बरोबरच असणार.

विभागात एक संशोधक बाई होती; तिची खोली दोघांच्या मधे होती. डावीकडच्या दारामागे थोरले, उजवीकडच्या दारामागे धाकटे, आणि मधल्या चिंचोळ्या खोलीत ती, एक टेबल, एक संगणक आणि बाहेरच्या गच्च्यांकडे उघडणारी एक खिडकी. पदाचं नाव "समन्वय संशोधक (हंगामी)". अकरा वर्षांपूर्वी कार्यालयाने दोन्ही गटांत संपर्क राहावा म्हणून हे पद काढलं, दर वर्षी ते एकेका वर्षाने वाढवलं, आणि कंसातला शब्दच तिचं नाव होऊन बसला. "हंगामी बाई आल्यात का?" असं दारावरचे पहारेकरीसुद्धा विचारत. संशोधन ती उरलेल्या वेळात करत असे. पदातला मुख्य भाग समन्वयाचा होता.

"बाई, त्यांना सांगा, खिडकी लावून घ्या. माझे कागद उडताहेत."

"सर, ते म्हणताहेत की—"

"ऐकलं मी. बहिरा नाही झालो अजून. त्यांना सांगा, कागदांत वजन असतं तर उडाले नसते."

"सर, ते म्हणताहेत..."

असं ती दिवसातून वीस-पंचवीस वेळा म्हणत असे, दोन्ही दारं सताड उघडी असताना.

या महिन्याच्या अखेरीस ती बेचाळीस पूर्ण करणार होती. बेचाळिशीनंतर हंगामी माणसाला कायम करता येत नाही, असा नियम. आणि कायम व्हायचं तर दोन्ही सरांच्या सह्या एकाच अर्जावर हव्यात, हाही नियम. अर्ज दोनदा फिरून आला होता, कोराच. वादाचा निकाल लागावा म्हणून तिने त्या दोघींच्या वेगांची नवी मोजणी मागवली होती. थोरल्यांनी तिला जवळ बसवून, वडीलकीच्या सुरात सांगितलं होतं, "अहो, तुमची नवी मोजणी येऊ द्या. त्या दोघी येताहेत हे सिद्ध झालं की सही घ्या माझी. लगेच." धाकट्यांनी दार लोटून घेऊन सांगितलं होतं, "जाताहेत हे दिसलं की मी उभ्या उभ्या सही करतो." धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत. दीर्घिका एकाच वेळी येत आणि जात असल्या तरच बाईंची नोकरी पक्की होणार होती.

"दोघांनाही हो म्हणून टाक," आई म्हणाली.

आई निवृत्त परिचारिका. छत्तीस वर्षं इस्पितळात पाळ्या केल्या, गुडघे तिथेच ठेवून आली, आणि आता पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत लेकीसोबत राहायची. "कायम" हा शब्द तिच्या तोंडी देवाच्या नावासारखा यायचा.

"असं कसं हो म्हणू? एकच काहीतरी खरं असणार ना."

"खरं काय ते नंतर बघ. आधी सही घे. अगं, तीस कोटी वर्षं थांबल्यात त्या बाया, आणखी एक महिना थांबतील."

मोजणी सोमवारी सकाळी आली. दुर्बीण दुसऱ्या खंडातल्या डोंगरावर, तिथल्या लोकांनी प्रकाशाचे वर्णपट घेऊन पाठवायचे आणि इथे तिने ते सोडवायचे, अशी रीत होती. दीर्घिकेचा प्रकाश जितका तांबडेपणाकडे सरकलेला, तितकी ती लांब, एवढं साधं गणित. मोठीचा आकडा जुन्या यादीसारखाच आला, तीस कोटी. छोटीचा आला नव्वद कोटी.

तिला वाटलं, आपण चुकलो. तिने पुन्हा केलं. पुन्हा नव्वद. दुपारी जेवण न घेता तिसऱ्यांदा केलं, आणि मग ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. समोरच्या गच्चीवर पाण्याची टाकी होती, आणि थेट त्या टाकीतून उगवल्यासारखं कारखान्याचं धुराडं दिसत होतं. धुराडं होतं शहराच्या दुसऱ्या टोकाला. अकरा वर्षं ती हे रोज बघत होती, आणि टाकीचा धुराड्याशी काही संबंध आहे असं तिला कधीही वाटलं नव्हतं.

म्हणजे त्या दोघी येत नव्हत्या आणि जातही नव्हत्या. त्यांची एकमेकींशी ओळखसुद्धा नव्हती. एक इथे, दुसरी तिच्या मागे साठ कोटी प्रकाशवर्षांवर. आपल्याला फक्त एका रेषेत दिसत होत्या. ती आधी हसली, एकटीच, तोंडावर हात ठेवून. मग तिला दरदरून घाम फुटला, कारण अर्जाची मुदत पुढच्या आठवड्याच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचला संपत होती.

मग तो हात वाकडा का? तिने मोठीचा वर्णपट तुकड्या-तुकड्याने काढला. वाकड्या हातातला उजेड बाकीच्या दीर्घिकेबरोबर फिरत नव्हता. तो वेगळ्या वेगाने, आडवा चालला होता. तिथे कधीकाळी एक तिसरीच, चिमुकली दीर्घिका येऊन पडली होती, आणि मोठीने ती गिळून टाकली होती. तिचा आकार गेला, पण तारे अजून आपल्याच चालीने चालत होते. या तिसरीचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं.

मंगळवारी तिने ग्रंथालयातून बावीस वर्षांपूर्वीची नोंदवही काढली. दोघा सरांची त्या काळची कामाची पद्धत सगळ्यांना तोंडपाठ होती, कारण दोघंही आपापल्या विद्यार्थ्यांना ती शिस्तीचा नमुना म्हणून सांगत. थोरले यंत्रावरचा आकडा वाचायचे, धाकटे तो मोठ्याने परत म्हणत लिहायचे, थोरले "हो" म्हणून समासात खूण करायचे, आणि मग पुढचा. जोडी सत्तावीस पानाच्या अगदी शेवटच्या दोन ओळींत होती. मोठीचा आकडा वाचला गेला होता, लिहिला गेला होता; आणि धाकट्यांनी तो परत म्हटल्यावर, स्वतःच्याच आवाजातला तो आकडा पुढची ओळ समजून पुन्हा लिहिला होता. दोन्ही ओळींत शेवटच्या दशांशापर्यंत तेच. पान तिथेच संपलं, छोटीचा खरा आकडा लिहायचा राहिला, आणि नव्या पानावर पुढची जोडी सुरू झाली, म्हणून पुढचं काही घसरलं नाही. आणि समासात दोन्ही ओळींपुढे थोरल्यांची खूण, ठसठशीत. एकाने दुसऱ्याचं म्हणणं इतकं मन लावून ऐकण्याची ती बहुधा शेवटची वेळ असावी.

"सांगू नकोस," आई म्हणाली. या वेळी ती चेष्टा करत नव्हती. "सह्या झाल्यावर सांग. वर्षाने सांग."

"उद्या मला सगळ्यांसमोर मोजणी मांडायची आहे. काय मांडू?"

"बाई गं, नावाने पोट भरतं का? छत्तीस वर्षं मी रोग्यांची नाडी बघितली. कितीदा डॉक्टर यायच्या आधी मीच ओळखलं. कागदावर नाव कुणाचं लागलं? पण पहिल्या तारखेला पगार लागत होता. त्या पगारात तुला शिकवली."

आईचं खोटं नव्हतं, हेच तर अवघड होतं.

बुधवारी सभागृहात डावीकडे येणारे बसले, उजवीकडे जाणारे. तिने दोन आकडे पडद्यावर टाकले, नोंदवहीच्या पानाचा फोटो टाकला, आणि सांगितलं, "या दोन दीर्घिकांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही." मग चौदा वर्षांत पहिल्यांदा थोरल्यांनी मान उजवीकडे वळवली.

"तू दोनदा लिहिलंस?"

"तू हो म्हणालास!" धाकटे उठून उभे राहिले.

"तू म्हणालास म्हणून मी हो म्हणालो!"

"बघितलं नाहीस? यंत्र तुझ्यापुढे होतं!"

"तुझ्यावर विश्वास होता माझा, गाढवा!"

हे वाक्य बाहेर पडलं आणि भांडण तिथेच थांबलं. धाकट्यांनी चष्मा काढून पुसला. थोरल्यांनी उगाच खिसे चाचपले. मग दोघांनी एकाच वेळी तिच्याकडे बघितलं, आणि थोरले म्हणाले, "बाई, तुमचं यंत्र नवीन आहे. नव्या यंत्रांचं काही सांगता येत नाही."

"मी तेच म्हणणार होतो," धाकटे म्हणाले.

ती तीन तास प्रश्नांना उत्तरं देत उभी राहिली. चौदा वर्षं एकमेकांवर रोखलेल्या तोफा दोघांनी मिळून तिच्याकडे वळवल्या होत्या, आणि एकमेकांचे प्रश्न ते असे पुरे करत होते की बघणाऱ्याला हेवा वाटावा. शेवटी प्रश्न संपले, कारण आकडे बरोबर होते. दोघं तिच्याशी एक शब्दही न बोलता, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चहाला गेले.

पुढचे दिवस विभागात नुसता आनंदीआनंद. येणारे आणि जाणारे एका टेबलावर बसायला लागले, एक किटली माळ्यावर गेली, दोन्ही सर दर तासाला तिच्या खोलीतून "अरे, ऐक ना" करत आरपार ये-जा करायचे आणि तिच्या टेबलाला धडकायचे. दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ, असं म्हणतात. दोघांची दिलजमाई झाली की तिसऱ्याचं काय होतं, ते कुणी सांगितलेलं नाही.

सोमवारी तिला दोघांनी एकत्र बोलावलं. समोर अर्ज होता. दोघांनी एकाच पेनने सह्या केल्या, आधी एकाने, मग दुसऱ्याने, आणि वरून तिला पेढे मागितल्यासारखे हसले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लगेच थोरले म्हणाले, "आता तो सत्तावीस नंबरचा शोध. तो आम्ही दोघं लिहितोय. आमचीच यादी, आमचीच चूक, आम्हीच दुरुस्त करणं शोभून दिसेल. तुमचा उल्लेख आभारांत करू."

"ठळक," धाकटे म्हणाले.

ती अर्ज घेऊन खाली आस्थापना शाखेत गेली. तिथले भाऊसाहेब निवृत्तीला आलेले कारकून, मनाने भले, आणि नियमांच्या बाबतीत निरुपाय. त्यांनी सह्या बघितल्या, पुन्हा बघितल्या, आणि चष्मा कपाळावर चढवला.

"बाई, सह्या आहेत. पण आता पद राहतंय का, ते बघावं लागेल."

"म्हणजे?"

"पद कशाचं? समन्वयाचं. मंजुरीत स्पष्ट लिहिलंय, 'दोन्ही गटांत संवाद नसल्याने'. आता तर दोघं गळ्यात गळे घालून हिंडताहेत. साहेबांनी विचारलंय, समन्वय कुणाचा कुणाशी?" भाऊसाहेबांनी आवाज खाली आणला. "शुक्रवारी पाचला मी शेरा मारायचा आहे. तेव्हा संवाद नसेल, तर तुम्ही कायम. असेल, तर पद रद्द. मी तरी काय करू?"

म्हणजे अकरा वर्षं ज्या सह्या भांडणामुळे मिळाल्या नव्हत्या, त्या समेटाने मिळाल्या, आणि त्याच समेटाने त्यांची किंमत शून्य झाली. ती जिन्यात बसली. तिला रडूही आलं नाही, नुसता राग आला, आणि तोही नेमका कुणावर काढावा ते कळेना.

गुरुवारपर्यंत काही घडलं नाही. पण शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमाराला डावीकडचं दार धाडकन आपटलं.

"बाई! त्यांना सांगा, नावांचा क्रम वयानुसार लागतो. जगभर."

तिचे कान टवकारले. उजवीकडून उत्तर आलं, "त्यांना सांगा, नोंदवहीत अक्षर माझं आहे. चूक माझ्या हाताची आहे. ज्याची चूक, त्याचं पहिलं नाव."

"त्यांना सांगा, खूण माझी आहे! मी खूण केली नसती तर ती चूक चूक झालीच नसती. नुसता खरडा राहिला असता!"

बावीस वर्षांत ज्या चुकीला धनी नव्हता, तिच्यावर आता दोघं मालकी सांगत होते. लेखाची चार पानं तिच्या हातांतून इकडून तिकडे जाऊ लागली. थोरले निळ्या पेन्सिलीने दुरुस्त्या करत, धाकटे तांबड्या. दारात भाऊसाहेब येऊन उभे राहिले, हातात फाइल आणि शिक्का. घड्याळाकडे बघून त्यांनी तिला हळूच सांगितलं, "चार वाजलेत. तासभर टिकलं पाहिजे हे, बाई. तुम्ही फक्त निरोप पोचवा. मधे काही बोलू नका."

ती बोलली नाही. सव्वाचारला तिने आईला फोन करून सांगितलं की होतंय बहुतेक, आणि आईने पलीकडे "अगं बाई" एवढंच म्हटलं. साडेचारपर्यंत पानांचे सहा फेरे झाले. चुकीसाठी एकाने "अनवधान" लिहिलं, दुसऱ्याने "दोष" केलं, पहिल्याने "सूक्ष्म दोष" केलं. चार पानांत एक ओळ स्वच्छ उरली नव्हती.

सातव्या फेरीला तिची नजर शेवटच्या पानाच्या तळाशी गेली. तिथे आभार होते. "मोजणीत यांत्रिक साहाय्य केल्याबद्दल विभागातील हंगामी कर्मचाऱ्यांचे आभार." या वाक्याला ना निळी पेन्सिल लागली होती ना तांबडी. आख्ख्या लेखात दोघांचं पूर्ण एकमत झालेलं हे एवढं एकच वाक्य.

तिने ते पुन्हा वाचलं. पंचवीस मिनिटं उरली होती. एवढी वर्षं काढली, आणखी पंचवीस मिनिटं गप्प बसायला काय जातं, असं तिने स्वतःला सांगून बघितलं. मग गप्प बसल्यावर पुढची अठरा वर्षं कशी जातील तेही तिला दिसलं, या दाराकडून त्या दाराकडे, दर पहिल्या तारखेला पगार.

"बाई, काय म्हणताहेत ते?" उजवीकडून धाकटे ओरडले.

"ते काही म्हणत नाहीयेत, सर," ती म्हणाली. दोन्ही दारं उघडी होती, आणि ती मधे उभी राहून दोघांनाही ऐकू जाईल अशी बोलत होती. "आता मी म्हणतेय. चूक तुम्हा दोघांची आहे, ती हवी तशी वाटून घ्या. शोध माझा आहे. मी केला, एकटीने, तीनदा. त्यावर माझं नाव लागेल."

दारात भाऊसाहेबांनी डोळे मिटून घेतले.

मग डावीकडून थोरले आले, उजवीकडून धाकटे आले, आणि दोघं तिच्या टेबलाच्या दोन बाजूंना थांबले.

"ऐकलंस?" थोरले म्हणाले.

"ऐकलं," धाकटे म्हणाले. "अरे, मी तुला सांगत होतो, नावांच्या क्रमात काय ठेवलंय? लाव तुझं आधी."

"नाही रे, तुझंच लावू. माणसाने एवढ्या-तेवढ्यावरून..."

"चल, चहा घेऊ."

ते गेले. भाऊसाहेब बराच वेळ दारात उभे राहिले, मग टेबलाशी येऊन त्यांनी फाइल उघडली. "पंचवीस मिनिटं हो, बाई," ते म्हणाले. "फक्त पंचवीस मिनिटं राहिली होती." त्यांनी पाच वाजायची वाट बघितली, जणू तेवढ्यात कोणी परत येऊन भांडणार होतं. मग शिक्का मारला, त्यावर फुंकर घातली, आणि तिच्याकडे न बघता खाली गेले.

तिने लेखाची ती चार पानं नीट रचून डावीकडच्या टेबलावर ठेवून दिली. मग आपला संगणक उघडला. लेख तिचाही लिहून तयार होता, मंगळवारपासून. त्यात वाकड्या हातातल्या तिसऱ्या दीर्घिकेची हकीकत होती, जी दोघा सरांच्या चार पानांत कुठेच नव्हती, कारण दोघांनीही ती विचारली नव्हती. नियतकालिकाचा अर्ज भरताना नावाच्या रकान्यात तिने स्वतःचं नाव घातलं. पदाचा रकाना कोरा सोडला तर यंत्र पुढे जाईना. थोडा विचार करून तिने "निरीक्षक" लिहिलं. असं पद त्या इमारतीत कधीच मंजूर झालेलं नव्हतं. यंत्राने ते निमूट घेतलं, आणि लेख गेला.

मग तिने आईला फोन लावला.

"झालीस कायम?" आईने पहिल्याच घंटीला उचलला होता.

"नाही गं. पद गेलं."

"सह्या असून?"

"सह्या असून. मी मधे बोलले."

आई खुर्चीत बसल्याचा आवाज आला. गुडघ्यांमुळे तिला बसायला वेळ लागायचा.

"माझं ऐकलं नाहीस."

"नाही ऐकलं."

"उद्यापासून काय करणार आहेस?"

"माहीत नाही, आई."

पलीकडे आईने नाक शिंकरलं.

"लेख पाठवलास?" आई म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. "तुझ्या एकटीच्या नावाने?"

"हो."

"मग मला वाचून दाखव."

"अगं, तुला त्यातलं काही कळायचं नाही. सगळे आकडे आहेत."

"कळू दे न कळू दे. सावकाश वाच. आणि मधूनच नको, नावापासून सुरू कर."

तिने खुर्ची पुढे ओढली, दोन्ही बाजूंची दारं उघडीच राहू दिली, आणि मोठ्याने आपलं नाव वाचलं.